कोट भिंतीवर, आजी गल्लीत

परदेशी कार्टूनमधला ज्यू माणूस कधी भाजी आणायला जात नाही. अशी कार्टून मराठीत आणण्याचं काम अनेक वर्षं केल्यावर हे विधान मी जबाबदारीनं करते. तो डॉक्टर असतो, वकील असतो, नाहीतर त्याला कशाची तरी ॲलर्जी असते. त्याची आई फोनवर रडते आणि घरी गेल्यावर बळजबरीनं जेवायला वाढते. आजोबांना टोपी, दाढी आणि नाक असतं. बाकी चेहरा चित्रकारानं काढला नाही तरी चालतो. डिसेंबरातल्या एका भागात हे सगळे येतात, दिवे लावतात, एक विनोद करतात आणि निघून जातात. पुढच्या भागात त्यांची कुणालाही आठवण येत नाही.

त्याआधी मी वर्तमानपत्रात होते; तिथं पानाच्या तळाशी जागा उरली की आम्ही हाताशी असेल तो मजकूर तिथं टाकायचो. त्याला कोपरा भरणं म्हणत. कार्टूनमध्ये काही माणसं अशीच कोपरा भरायला येतात.

बातम्यांच्या डेस्कवरून निवृत्त झाल्यावर मी सिडकोतल्या एका स्टुडिओत संवाद लिहायला लागले. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या. एकीत चित्रकार पोरं-पोरी संगणकांपुढे बसतात. दुसरीत भिंतींना गाद्या ठोकल्या आहेत, तिथं आवाज मुद्रित होतो. मालक वसीमभाई. डबिंगचं काम शिंप्यासारखं आहे. कपडा आधीच शिवलेला असतो, माणूस त्यात बसवायचा. पडद्यावरचं पात्र जितका वेळ तोंड हलवतं तितक्याच वेळात मराठी वाक्य संपलं पाहिजे, आणि ओठ मिटलेले असताना ‘आ’ ऐकू येता कामा नये. हेडलाइन मापात बसवण्याची सवय असल्यानं मला ते लवकर जमलं.

आमच्याकडे सगळ्या म्हाताऱ्यांचे आवाज दिगूकाका काढायचे आणि सगळ्या म्हाताऱ्यांच्या बायकांचे एस्तरबाई. दिगूकाका नाटकवाले. एस्तरबाई नवगावकर निवृत्त शिक्षिका, शाळेत मराठी शिकवायच्या. नावावरून सगळ्यांनी त्यांना ख्रिश्चन ठरवून टाकलं होतं.

एकदा असाच दिव्यांचा भाग डबिंगला आला. टोपीवाले ज्यू आजोबा पडद्यावर आले आणि दिगूकाकांनी क्षणाचाही विचार न करता सुरुवात केली, “अरे डिकरा, टुमी दिवा लावते की नाय?”

वसीमभाई काचेपलीकडून खूश. मराठी रंगभूमीची ही जुनी सोय आहे. पांढरे केस, गोरा रंग, हिंदू नाही, मुसलमान नाही, मग तो पारशी बोलणार. त्यापुढे कुणी चौकशी करत नाही.

माझ्या शेजारी एस्तरबाई स्वतःच्या वाक्यांची वाट बघत बसल्या होत्या. त्या हसत होत्या. हसता हसता म्हणाल्या, “दिगंबरराव, आवाज झकास. पण हा माणूस पारशी कधी झाला?”

“मग कोण हाय?” दिगूकाकांनी विचारलं.

“ज्यू.”

“मग ज्यू कसे बोलतात?”

“माझ्यासारखे,” एस्तरबाई म्हणाल्या.

वसीमभाई काचेमागून बाहेर आले. मग एस्तरबाईंनी सांगितलं. त्यांचं घराणं अलिबागकडचं. बेने इस्राएल. फार पूर्वी जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्या माणसांचे वंशज, असं त्या लोकांत सांगतात. तिथं तेलाचे घाणे चालवले. शनिवार ज्यूंच्या विश्रांतीचा, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावानं नाव दिलं शनिवार तेली. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी. “आई प्रार्थना हिब्रूत करायची आणि भांडायची मराठीत,” त्या म्हणाल्या. “त्यामुळं दिवसभर मराठीच कानावर पडायची.”

“बाई, मग आम्ही दरसाल तुम्हाला मेरी ख्रिसमस म्हणतो ते?” वसीमभाईंनी विचारलं.

“म्हणा की. शेजारचे केकही आणून देतात. मी खाते. चांगला असतो.”

तो भाग पारशी उच्चारांतच गेला. ध्वनिफीत त्याच संध्याकाळी पाठवायची होती. चॅनेलकडून एका अक्षराची तक्रार आली नाही. याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं, आता वाटत नाही.

त्यानंतर आमच्या स्टुडिओला पहिल्यांदाच स्वतःची मालिका करायला मिळाली. दुसऱ्याच्या कपड्यात माणूस बसवायचा नाही, कपडाही आपण शिवायचा. वसीमभाईंनी पेढे वाटले. मालिकेत एक गल्ली, गल्लीतली पोरं, आणि बऱ्याच भागांत ती एकेका घरी सणाला जातात. चॅनेलला सगळे धर्म हवे होते. चित्रांची प्रमुख होती प्रज्ञा साळवे. ती बजाजनगरची, वडील वाळूजला कारखान्यात. प्रज्ञानं हातात पेन घेतलं की चित्रातला माणूस आधी चालायला लागतो, त्याचा चेहरा मागून येतो.

बौद्ध घराच्या भागाचा आराखडा आला तेव्हाच ती कुरकुरली होती. “ताई, यात सगळे डोळे मिटून बसलेत. माझी आई डोळे मिटून बसलेली मी कधीच बघितली नाय. तिला डुलकी लागली तरी एक डोळा उघडा राहतो.” तिनं त्या भागातल्या आईचे डोळे उघडून टाकले. चॅनेलच्या लक्षात आलं नाही.

ज्यू घराच्या भागाची गोष्ट वेगळी होती. तिथं पात्राचं चित्र चॅनेलनं मंजूर करूनच पाठवलं होतं. वसीमभाईंनी ते मोठ्या पडद्यावर लावलं. काळा लांब कोट, काळी रुंद हॅट, कानांवरून लोंबणाऱ्या केसांच्या बटा, छातीपर्यंत दाढी. मागे आमचीच गल्ली, रिक्षा, आंब्याचं झाड, उन्हानं पांढरा पडलेला रस्ता.

एस्तरबाई त्या दिवशी दुसऱ्या मालिकेच्या कामाला आल्या होत्या. पडद्यापुढे थांबल्या. “याला घाम कसा येत नाही?”

“बाई, कार्टून है ना,” वसीमभाई म्हणाले.

“असे लोक आहेत. न्यूयॉर्कला आहेत, जेरुसलेमला आहेत. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आपल्या गल्लीत हा आला कुठून? आमचे वडील धोतर नेसायचे. कोटबिट कधी घातला नाही.”

एरवी त्या हसून सोडून देत. त्या दिवशी खुर्ची ओढून बसल्या. “सत्तरी ओलांडली मी. मराठी टीव्हीवर आमच्यातलं एकही माणूस कधी दिसलं नाही. आता पहिल्यांदा येतंय ते असं. माझा भाऊ तिकडं इस्राएलला गेला, चुलत भावंडं गेली. या शहरात आमच्यातलं दुसरं कुणी असलं तर मला माहीत नाही. उद्या शेजारच्या पोरी विचारतील, आजी, तुमची माणसं अशी असतात का? मी नाही म्हणेन. पण टीव्हीवर त्यांनी पाहिलेलं असेल, आणि मी जिन्यात उभी राहून बोलणार.”

वर्तमानपत्रात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापता येतो. बारीक टाइपात का होईना, छापतात. कार्टूनला खुलासा नसतो. ते दर सुट्टीत पुन्हा लागतं.

वसीमभाईंची अडचणही खरी होती. चित्र मंजूर होतं. मंजूर चित्र बदलायचं तर पुन्हा परवानगी मागायची, आणि पहिल्याच मालिकेत कटकट करणाऱ्या स्टुडिओला दुसरी मालिका कोण देतं? “बाई, तुमच्या वडिलांचा फोटो असेल तर द्या. चॅनेलला दाखवतो. सबूत पाहिजे.”

एस्तरबाईंनी तिथूनच भावाला फोन लावला. थोड्या वेळानं फोटो आला. सगळे त्यांच्या मोबाइलवर वाकले. वडील ताठ बसलेले, खाली धोतर, डोक्यावर टोपी. आणि अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. काळा.

“कोट तो है!” वसीमभाई ओरडले.

प्रज्ञा हसून टेबलावर आडवी झाली. एस्तरबाईंनी फोटो मोठा केला, लहान केला. “फोटोसाठी घातला असेल,” त्या म्हणाल्या. “स्टुडिओवाल्याचा असेल.” मग त्यांनाही हसू आवरेना. “काय करायचं! मेल्यानंतरसुद्धा या माणसानं मला खोटं पाडलं.”

सबूत बारगळला. काम पुढे सरकवावंच लागणार होतं. आणि इथंच या धंद्यातली एक गोष्ट आमच्या उपयोगी पडली.

डबिंगमध्ये चित्र आधी असतं आणि आवाज मागून. स्वतःचं कार्टून करताना उलट असतं. आवाज आधी मुद्रित करतात आणि तो ऐकत चित्रकार पात्राचे ओठ, भुवया, हात हलवतो. त्याआधी लांबी ठरवायला एक कच्चा आवाजही घेतात. तो कुणीही द्यावा, शिपाईसुद्धा देतो. पुढे खरा कलाकार आला की तो पुसला जातो. त्या आठवड्यात दिगूकाका नाटकाच्या प्रयोगांना लातूरकडे गेले होते. आजोबांचा कच्चा आवाज द्यायला एस्तरबाई उभ्या राहिल्या.

माझी संहिता अशी सुरू होत होती: ‘बाळांनो, या! आज आमच्याकडे प्रकाशाचा सण आहे.’

एस्तरबाईंनी वाचलं आणि कान झाकणारे हेडफोन काढले. “अगं, घरात पोरं आल्यावर असं कोण बोलतं? हा सण आहे की उद्घाटन?”

“मग काय म्हणता तुम्ही?”

“पायांवर पाणी घ्या म्हणते. आणि दिवे नकोत. दिवे लावतोच आम्ही, पण ते सगळ्यांनी दाखवून झालंय. मलिदा कर.”

मलिदा म्हणजे गोड पोहे. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, सुका मेवा, सोबत फळं. मनातली गोष्ट पार पडली, घरात काही चांगलं झालं, की मोठ्या ताटात मलिदा मांडून एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचं नाव घ्यायचं, देवाचे आभार मानायचे आणि मग सगळ्यांनी खायचा. हे कोकणातल्या ज्यूंचंच. जगातले दुसरे ज्यू पोह्यांच्या ताटाभोवती बसत नाहीत.

मी भिंतीला टेकून कागदावर लिहायला लागले. एस्तरबाई बोलत होत्या, मी पकडत होते. निकालाच्या दिवशी वार्ताहर फोनवरून आकडे सांगतो आणि डेस्कवर हात थांबत नाही, तसं चाललं होतं. प्रज्ञा आपलं काम टाकून आवाजाच्या खोलीत आली. तिच्या मागून बाकीची चित्रकार मंडळी आली. दार बंद होईना. शेवटी कसंबसं लावलं आणि मुद्रण सुरू झाल्याचा लाल दिवा लागला.

“आलात का? चपला बाहेर. ए ढब्या, हात धुतलेस? मग ताटाकडं काय बघतोस? आधी देवाचे आभार, मग तुझं पोट. देव दोघांचाही आहे, पण पोट ओरडतं जास्त.”

ढब्या आमच्या गल्लीतलं जाडं पात्र. तो या प्रसंगात असणारच नव्हता. एस्तरबाईंनी त्याला आपणहून बोलावला. मधेच त्या हिब्रूत दोन ओळी गुणगुणल्या आणि लगेच “सरक तिकडं, नारळ सांडशील,” म्हणाल्या. कुठंही जोड दिसला नाही. शेवटचं वाक्य संपलं तरी कुणी हललं नाही, कारण हलल्याचा आवाज मुद्रित होतो. लाल दिवा विझला आणि प्रज्ञा म्हणाली, “ताई, हा कच्चा आवाज नाय. हा पिकलेला आहे.”

दोन दिवसांनी तिनं आम्हाला पडद्याजवळ बोलावलं. “बघा, मी लई प्रयत्न केला. मंजूर चित्राला हा आवाज बसवते, पण बसत नाय. दाढीत ओठ दिसत नायत. कोटाला हात उचलता येत नाय. आवाज म्हणतो, ‘सरक तिकडं’, आणि हा नुसता उभा.” तिनं एक कळ दाबली. “मग मी आवाजाला विचारलं, तुला कोण पाहिजे?”

पडद्यावर सुती साडीतली एक आजी चालत आली. नारळाची करवंटी हातात, पदर खोचलेला, एक खांदा जरा वर. ती दारापाशी आली, चौकटीवर तिरप्या बसवलेल्या एका छोट्या नळीला तिनं बोटं लावली, ती बोटं ओठांना टेकवली आणि बाहेर डोकावून ओरडली, “आलात का?”

त्या नळीला मेझुझा म्हणतात. आत धर्मग्रंथातली वचनं असतात. घरात येता-जाता तिला हात लावायचा. प्रज्ञा एस्तरबाईंच्या घरी बऱ्याचदा गेली होती.

“मला वाटायचं बंद पडलेली बेल आहे,” ती म्हणाली. “मी दोनदा दाबून पण बघितली.”

एस्तरबाई पडद्याजवळ गेल्या. “पुन्हा लाव.” पुन्हा लावलं. “अजून एकदा.” मग त्यांनी स्वतःचा उजवा खांदा चाचपून पाहिला. “मी अशी चालते?”

“अशीच,” आम्ही सगळे म्हणालो.

आता चॅनेल. रेवती नावाच्या तिथल्या प्रमुख बाई व्हिडिओ कॉलवर होत्या. वसीमभाईंनी नवा शर्ट घातला होता. प्रज्ञानं प्रसंग दाखवला. ढब्याच्या वाक्याला रेवतीबाई हसल्या. वसीमभाईंनी टेबलाखाली मूठ आवळली.

“गोड आहे,” रेवतीबाई म्हणाल्या. “पण एक सांगा. ही ज्यू आहे हे कळणार कसं?”

प्रश्न सरळ होता. त्या चांगल्या मनानं विचारत होत्या. कोपरा भरणारं पात्र ओळखू आलंच पाहिजे, नाहीतर कोपरा भरला हे कळणार कसं?

वसीमभाईंनी घसा साफ केला. घाबरले की ते दख्खनीत जातात. “मॅडम, सच बोलूं? ये बाई इत्ते साल मेरे सामने बैठको काम करे. मेरेकू भी नै मालूम पड्या. मैं केक की मुबारकबाद देता रह्या.”

रेवतीबाई पडद्याजवळ सरकल्या. “म्हणजे या स्वतः...?”

“मी स्वतः,” एस्तरबाई म्हणाल्या. “नमस्कार. मुलांना कळेल. ढब्या विचारतो ना, आजी, दाराला हात लावून काय केलंस? मुलं विचारतात तसंच. मी सांगते. कोट पाहून कुणी विचारत नाही. कोट पाहिला की सगळ्यांना उत्तर आधीच माहीत असतं.”

तिकडं रेवतीबाई फाइल चाळायला लागल्या. “मंजूर फाइलमध्ये कोट आहे हो,” शेवटी रेवतीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता आमच्या बाजूला झुकलेला होता, पण त्यांनाही वर कुणाला तरी उत्तर द्यायचं होतं. “कोट पूर्ण काढला तर मला वरच्यांना समजवावं लागेल. कुठंतरी ठेवता येईल का?”

प्रज्ञा आणि एस्तरबाई एकमेकींकडे बघायला लागल्या.

“भिंतीवर,” दोघी एकदमच म्हणाल्या.

आणि एस्तरबाईंचे वडील, ताठ बसलेले, धोतर, टोपी आणि तो वादग्रस्त काळा कोट घालून, आजीच्या घरातल्या भिंतीवर फ्रेममध्ये गेले. कोट मंजूर झाला. वसीमभाईंनी पुन्हा पेढे आणले. लातूरहून परतलेल्या दिगूकाकांनी आवाज ऐकला आणि म्हणाले, “माझं पात्र गेलं म्हणा की!” मग जरा थांबून, “गेलं ते बरं झालं. मला हे जमलं नसतं.” त्यांना आम्ही नारळवाला दिला. त्याला ते पारशी करणार होते. त्यांना अडवलं.

भाग रविवारी सकाळी लागला. आम्ही एस्तरबाईंच्या घरी जमलो. आत जाताना प्रज्ञानं चौकटीवरच्या नळीला नुसतं बोट लावलं, दाबली नाही. एस्तरबाई टीव्हीसमोर बसल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून त्यांनी सगळा भाग पाहिला. वडील भिंतीवर दिसले तेव्हा त्यांनी पदर डोक्यावर घेतला. शेवटची नावं सरकायला लागली तोच त्यांचा फोन वाजला. खालच्या मजल्यावरच्या मंगलबाई. मूळच्या पैठणकडच्या, फोनवरही अंगणातून हाक मारल्यासारख्या बोलणाऱ्या. फोन कानाला असूनही आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

“बाई, कार्टूनमधी तुमचाच आवाज व्हता नं?”

“होय गं.”

“मंग एवढे पोहे भिजवतेत व्हय? गाळ झाला नुस्ता! पोह्यावर पाणी मारून लगेच निथळायचं, इतकं बी म्हाईत नाय का तुमाला?”

“ते मी नाही भिजवले, चित्रात...”

“चित्रात काय नि घरात काय! आणि नारळ लई कमी घातला. ते ताट देवापुढं ठेवायचं असतंय नं? मंग हात आखडायचा नाय.”

एस्तरबाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी कंबरेवर हात ठेवला. जाड पोहे आणि पातळ पोहे, कोकणातला नारळ आणि इथला नारळ, पाणी किती आणि कधी, यावर दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. प्रज्ञा घाबरून कागदावर ‘पोहे सुधारणे’ असं लिहीत होती. शेवटी मंगलबाई “पुढच्या खेपेला मला इचारा” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

एस्तरबाई आमच्याकडे वळल्या. त्यांचे डोळे चमकत होते. “ऐकलंत? कोण, कुठले, काही विचारलं नाही. सरळ चूक काढली!” त्यांनी प्रज्ञाच्या हातातला कागद घेतला आणि चुरगाळला. “राहू दे तसेच. भांडायला काहीतरी लागतं.”

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुढच्या भागाची संहिता माझ्याच पिशवीत होती. त्यात आजी नव्हती. तिचा सण होऊन गेला होता.

तो भाग लागला तेव्हा गल्लीत कुठलाही सण नव्हता. ढब्याची सायकल पंक्चर झाली होती, गोष्ट तेवढीच. पण सायकल ढकलत तो कोपऱ्यावर आला तेव्हा मागे भाजीची गाडी उभी होती, आणि एक खांदा जरा वर असलेली आजी भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून भांडत होती.